सीव्ही जॉइंटचा बूट घरी बदलताना: रबर सोपं, क्लिप अवघड

प्रश्न थोडक्यात असा. २०१२ ची वॅगन आर, मुक्काम रत्नागिरीच्या आत एका वाडीत, शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा रस्ता. डाव्या पुढच्या चाकाला ताकद नेणारा दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट; त्याच्या चाकाकडच्या वाकत्या सांध्यावरचा, म्हणजे बाहेरच्या सीव्ही जॉइंटवरचा, ग्रीस धरून ठेवणारा रबरी बूट फाटला म्हणून बदलून घेतला. बदलणाऱ्याने बूटाची तोंडं आवळणाऱ्या स्टीलच्या क्लिपांच्या जागी प्लास्टिकचे टाय आवळले. दोन महिन्यांत रिमच्या आतल्या बाजूला पुन्हा ग्रीसचे काळे फटकारे. आता सल्ला मिळतोय की अख्खा ड्राइव्ह शाफ्टच बदला. विचारणाऱ्याकडे अंगण आहे, पाने आहेत, हाताला सवय आहे. हे काम घरी जमेल का, आणि क्लिप पक्की बसवायची तरी कशी?

जमेल. पहिल्यांदा करताय तर एका बाजूला अख्खा रविवार धरून चाला. मला गॅरेजात दीड-दोन तास लागतात, चहा धरून. पण पाना उचलायच्या आधी गाडीखाली वाकून एक गोष्ट बघा. बूटाच्या सगळ्या चुण्या बोटांनी उघडून पाहा. माझा अंदाज असा की रबर शाबूत निघेल आणि ग्रीस मोठ्या, जॉइंटकडच्या तोंडाच्या कडेने झिरपलेलं दिसेल. म्हणजे बूट दुसऱ्यांदा फाटलेलाच नाही, तो नीट बांधलाच गेला नव्हता. माझ्याकडे 'नवीन बूट टिकला नाही' म्हणून येणाऱ्या गाड्यांत रबराचा दोष क्वचित असतो. क्लिपचा असतो, किंवा क्लिपखालच्या घाणीचा.

शाफ्ट बदलायचा की नाही ते जॉइंट ठरवेल. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरा, थोडा ॲक्सिलरेटर देत. मग दुसऱ्या बाजूला. चाकातून 'कट-कट-कट' असा आवाज येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर बाहेरच्या जॉइंटच्या आत खड्डे पडलेले आहेत. त्यावर नवा बूट चढवणं म्हणजे किडलेल्या दातावर नुसती टोपी बसवणं. आवाज नसेल तर ग्रीस तपासा. आमच्या उस्तादांची पद्धत अशी: अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर ग्रीस घ्यायचं, कानाशी नेऊन चोळायचं. मी पोरगा होतो तेव्हा मला वाटायचं हा माणूस चेष्टा करतोय. पण खरंच ऐकू येतं. चांगलं ग्रीस मुकं असतं, आणि माती गेलेलं ग्रीस किरकिरतं. तुमच्याकडची जांभ्याची माती असेल तर रंगानेही कळेल, काळ्या ग्रीसला विटकरी झाक येते. किरकिर आहे पण कट-कट नाही, अशा अवस्थेत जॉइंट धुऊन, तपासून वाचवता येतो. बूट किट काही शे रुपयांत मिळतं आणि शाफ्ट काही हजारांत, तेव्हा ही पाच मिनिटं वसूल आहेत.

हा बूट एवढा जपायचा कशासाठी, तेही सांगतो. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीत ताकद मागच्या चाकांना जायची, पुढची चाकं फक्त वळायची. मध्ये लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याला 'क्रॉस', म्हणजे अधिक-चिन्हासारखा सांधा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि एकाच चाकाने ओढायचंही आणि वळायचंही, असा कारभार घरोघरी पोचला. क्रॉस मोठ्या कोनात चालवला तर एका फेऱ्यात दोनदा क्रॉसच्या पलीकडचा शाफ्ट वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. स्टिअरिंग वळवल्यावर हात थरथरले असते. म्हणून चाकाकडे सहा छर्ऱ्यांचा जॉइंट बसवतात. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढलेल्या रचनेचाच तो वंशज. जॉइंट कितीही वाकला तरी छर्रे दोन्ही शाफ्टांमधल्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात, म्हणून आत जेवढा वेग तेवढाच बाहेर. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुतेक छोट्या गाड्यांत तीन पायांचा ट्रायपॉड असतो. तो कमी वाकतो, पण आत-बाहेर सरकतो, कारण चाक खड्ड्यात गेलं की शाफ्टची लांबी बदलावी लागते. या दोन्ही जॉइंटांना ना बाहेरून तेल मिळतं ना ग्रीस भरायला निपल असतं. जन्मभराची शिदोरी त्या बूटात. ताशी ८० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला साडेसातशे-आठशे फेरे मारतो. कुठे केसाएवढी फट राहिली तरी ग्रीस फेकलं जातं आणि चिखलाचं पाणी आत ओढलं जातं.

(ओम्नी आणि ईकोवाले हे वाचून गाडीखाली शिरणार असतील तर थांबा. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, पुढे हा प्रकारच नाही.)

आता काम. किट घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आतला की बाहेरचा हे तिन्ही सांगा. बूटाबरोबर ग्रीसची पुडी आणि दोन क्लिपा असायलाच हव्यात. क्लिपा नसलेला 'नुसता बूट' स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. नवा हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्ट धरणारा) घ्या, सर्कलिपही (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) नवी मिळाली तर घ्या. हाताशी जॅक, एक भक्कम स्टँड, सॉकेट आणि त्याला लांब पाइप, टॉर्क पाना, सर्कलिपची पक्कड, रॉकेल, भरपूर चिंध्या, आणि क्लिपसाठी एक जंबूर. जंबुराबद्दल पुढे बोलू.

हब नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. बऱ्याच गाड्यांत नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून अडकवलेली असते. ती आधी बोथट छिन्नीने उचला, नाहीतर शाफ्टच्या आट्यांचं वाटोळं होईल. काहींत नट अडवणारी कॉटर पिन असते. कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि पाइपवर वजन टाका. नट सैल झाला की गाडी तसूभरही ढकलायची नाही: चाकाचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावर उभं असतं, दाब नसताना वजन आलं तर नवं बेअरिंगही खराब होतं.

मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, जॅकखाली फळी टाका. कोकणातलं अंगण शेणाने सारवलेलं असलं तरी जॅक त्यात रुततो. गाडी स्टँडवर बसल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि वीट फुटताना निघणारा आवाजही ऐकला आहे.

चाक काढा. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारी दांडी) बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म खाली दाबला की नकल (ज्यात हब बसतो तो भाग) मोकळा होतो. ब्रेकचा पाइप ताणला जाणार नाही एवढं बघा. कॅलिपर काढावाच लागला तर तारेने टांगा, पाइपवर लोंबकळत ठेवू नका. काही जण बॉल जॉइंट अडला की वरून स्ट्रटचे (शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) दोन बोल्ट काढतात. चालतं, पण बसवताना जागा किंचित हलली तर चाकाचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट करावी लागते. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर जुना नट टोकाशी बरोबर ठेवून त्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि मग हातोडा. उघड्या आट्यांवर कधीही नाही.

इथे नवशिक्यांची गाडी एका ठिकाणी हमखास अडते. बाहेरचा बूट बदलायचा तर बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून काढायचा, असं साहजिकच वाटतं. काही गाड्यांत तो निघतोही: आतल्या रिंगवर पितळी दांडीने एक मोजका फटका, आत लपलेली सर्कलिप दबते, जॉइंट सुटतो. पण सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांसाठी कंपनीची सूचना स्पष्ट आहे की चाकाकडचा जॉइंट उघडायचा नाही. बूट उलट्या बाजूने, म्हणजे गिअरबॉक्सकडून चढवायचा. मी घरी काम करणाऱ्याला हाच रस्ता सांगतो. जॉइंटवर आंधळे घण घालून छर्रे धरणारा पिंजरा तडकवण्यापेक्षा आतलं टोक सोडवणं केव्हाही बरं. आणि आतला बूट तेवढ्याच वयाचा असतो, हात लागलाच आहे तर तोही बदलून होतो.

त्यासाठी अख्खा शाफ्ट बाहेर काढा. खाली ट्रे ठेवा, गिअर ऑइल सांडणारच. आतल्या जॉइंटच्या वाटीमागे टायर लिव्हर घालून झटक्याने बाहेर सारा. ऑइल सीलला लिव्हर लागू देऊ नका. शाफ्टला धरून ओढायचं नाही. ओढलात तर ट्रायपॉड वाटीतून निसटेल, वाटी गिअरबॉक्सलाच राहील आणि फाटका बूट हातात येईल.

बाकावर घेतल्यावर जुन्या क्लिपा कापा, बूट मागे सारा, वाटी बाजूला करा. पुसून घेऊन वाटी, ट्रायपॉड आणि शाफ्ट या तिघांवर रंगाची एकेक खूण करा, म्हणजे होते तसेच परत जोडता येतील. फोटोही काढा. ट्रायपॉडची कोणती बाजू चाकाकडे होती ते फोटोत आलं पाहिजे, उलटा बसला तर सर्कलिप खाचेत जात नाही आणि माणूस अर्धा तास स्वतःला शिव्या देतो. तिन्ही रोलरांवर टेपचा एक वेढा द्या, सुट्या बारीक सुया अंगणात विखुरल्या तर रविवार संपला. सर्कलिप काढा, ट्रायपॉड उतरवा, जुने बूट उतरवा. काही गाड्यांत आतला जॉइंटही छर्ऱ्यांचाच असतो आणि वाटीच्या तोंडाशी तारेची मोठी रिंग असते. ती पेचकसाने उचकटली की बाकी सारखंच. लांब शाफ्टवर मध्ये रबरी डॅम्पर असेल तर त्याचं अंतर मोजून लिहून ठेवा.

बाहेरचा जॉइंट रॉकेलमध्ये धुवा. वाकवा, फिरवा, ओता, परत भरा. स्वच्छ झाल्यावर एका बाजूला पूर्ण वाकवून एकेक छर्रा उजेडात आणा. छर्रे आणि त्यांच्या वाटा चकचकीत हव्यात. नुसता निळसर-करडा पट्टा दिसला तर तो वापराचा, चालेल. नखाला लागणारा खड्डा किंवा पापुद्रा दिसला तर इथेच थांबा आणि जॉइंट बदला. धुतल्यावर रॉकेलचा थेंबही राहता कामा नये, नवं ग्रीस पातळ होतं. हवा मारा, नसेल तर तासभर उन्हात उलटा टांगा. नव्या बूटाला मात्र रॉकेल-पेट्रोल दाखवायचंसुद्धा नाही. रबर फुगतं आणि लवकर चिरतं. तो कोरड्या कापडाने पुसायचा, बस.

इथून पुढे क्लिपचं राज्य.

प्रत्येक बूटाला दोन बसण्या असतात. लहान तोंड शाफ्टवरच्या खाचेत किंवा कंगोऱ्यावर, मोठं तोंड जॉइंटच्या वाटीवरच्या खाचेत. या जागा बारीक पॉलिश पेपरने घासून गंज काढा आणि स्पिरिटच्या चिंधीने कोरड्या करा. ग्रीस लावून बूट सरकवला की हात सुखावतो, पण तेच ग्रीस क्लिपखाली राहिलं तर कितीही आवळा, बूट शाफ्टवर फिरणार. तुमचे टाय सैल झाले त्यात यालाही मी निम्मा दोष देईन. शाफ्टच्या दातांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे सरकताना बूटाच्या तोंडाला चीर जात नाही.

मग क्रम. मी शिकत होतो तेव्हा एकदा दोन्ही बूट चढवले, ग्रीस भरलं, ट्रायपॉड बसवला, सर्कलिप टाकली, आणि मान वर केली तर बाकावर एक छोटी बंद क्लिप माझ्याकडे बघत होती. उस्ताद काही बोलले नाहीत. सर्कलिपची पक्कड परत हातात दिली. तेव्हा आधी मनातल्या मनात घोका: शाफ्टवर पहिल्यांदा बाहेरचा बूट, मोठं तोंड चाकाकडे, त्याच्या मागे त्याची लहान क्लिप, मग आतल्या बूटाची लहान क्लिप, मग आतला बूट, लहान तोंड पुढे. मोठ्या क्लिपा बंद कड्याच्या असतील तर त्या बूटांच्या तोंडांवर आधीच अडकवून ठेवा. उघड्या पट्टीच्या असतील तर काळजी नाही, त्या नंतरही गुंडाळता येतात.

ग्रीस पुडीतलंच. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम घातलेलं काळं ग्रीस लागतं, छोट्या गाडीला साधारण ६० ते १०० ग्रॅम. आतल्याची पुडी वेगळी असली तर अदलाबदल करू नका. दुकानातला बेअरिंग ग्रीसचा डबा इथे चालत नाही. आधी जॉइंटच्या पोटात बोटाने दाबून भरा, छर्ऱ्यांच्या मधून बाहेर यायला लागलं म्हणजे आत जागा उरली नाही. उरलेलं बूटात. सगळी पुडी संपवायची, पण वरून 'थोडं जास्त' भरायचं नाही. बूट फुगतो आणि मोठं तोंड खाचेतून सरकतं.

आधी मोठं तोंड खाचेत बसवून क्लिप आवळा. लहान तोंडाची क्लिप आवळायच्या आधी हवा समान करा, आणि हे कुणीच करत नाही. जॉइंट सरळ धरा, आतल्या बाजूचा असेल तर तो त्याच्या चालीच्या मधोमध आणा (मॅन्युअलमध्ये लांबी दिलेली असते), आणि लहान तोंडाखाली बोथट पातळ पेचकस हलकेच सारा. 'फुस्स' असा बारीक आवाज येतो. बूट फुगलेलाही नको आणि पोट आत गेलेलाही नको. एखादी चुणी आत ओढलेली राहिली तर ती शाफ्टवर घासते आणि काही महिन्यांत त्याच रेघेवर फाटते. असे बूट लोक 'खराब माल' म्हणून दुकानदाराच्या टेबलावर आपटतात.

क्लिपांचे प्रकार. पहिला कानाचा: स्टीलचं कडं आणि त्याला वर आलेला एक कान. कान दाबला की कडं आकसतं. यासाठी खास पक्कड मिळते, घेतली तर उत्तम. नसेल तर सुताराचा जंबूर, पण धार ग्राइंडरवर मोडून बोथट केलेला. धारेचा जंबूर किंवा तार कापायची पक्कड कानाला लावलीत तर कान कापला जाईल. आत्ता नाही तर आठवड्याने. जंबुराची तोंडं कानाच्या अगदी पायथ्याशी टेकवा, वरच्या फुगवट्याला नाही. एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत दाबा, मधल्या वेळात कडं खाचेत सरळ आहे ना ते बघा. कानाचे दोन्ही पाय एकमेकांजवळ येऊन मध्ये एक-दोन मिलिमीटर उरले की मी थांबतो. मग परीक्षा: अंगठ्याने क्लिप शाफ्टभोवती फिरवून पाहा. फिरली तर सैल. फिरत नाही पण क्लिपच्या कडेला रबर ओठासारखं वर आलंय, तर जास्त झालं; रबर आतून कापलं जाईल. पाय पूर्ण मिटले तरी क्लिप फिरतेय? मग क्लिपचा माप चुकलाय, ताकद लावून काही होणार नाही.

दुसरा प्रकार पट्टीचा, एका टोकाला बकल. पट्टी गुंडाळून बकलातून काढायची, ओढायची, उलटी दुमडायची, बकलाच्या जिभा हातोडीने वर बसवायच्या. ओढायला अवजार नसेल तर पट्टीचं टोक पकडीत धरा आणि पक्कड बकलाला टेकवून गोल गुंडाळत न्या. नुसती खेचण्यापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. ताण धरूनच दुमडायचं, दुमडताना सोडलात तर सगळं गेलं. दुमडून उरलेली शेपटी सेंटिमीटरभर ठेवून कापा. दिशाही पाहावी लागते: शेपटीचं तोंड गाडी पुढे जाताना शाफ्ट फिरतो त्याच्या उलट हवं, म्हणजे काहीही घासलं तरी पट्टी उचकटत नाही. बाहेरून बघितलं तर पुढे जाताना डावं चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं आणि उजवं काट्यांप्रमाणे. बाकावर शाफ्ट पडलेला असताना हे डोक्यात उलटंपालटं होतं, म्हणून मी शाफ्टवर खडूने बाण काढतो. आमच्याकडे ऊसपट्ट्यात फडातून गाडी बाहेर काढली की पाचट शाफ्टला गुंडाळलं जातं, आणि उलट्या दिशेच्या शेपटीत अडकून त्याने क्लिप उघडलेली मी स्वतः काढली आहे.

तिसरा, दातांचा: बुटकी क्लिप, कान नाही, एका टोकाच्या आकड्यात दुसऱ्या टोकाची खाच अडकते. दोन टोकं एकमेकांकडे ओढणारी पक्कड लागते. ती नसेल तर दुकानात कानाची क्लिप मागा, झटापट करू नका.

होज क्लिप, जिला आपण स्क्रूची क्लिप म्हणतो, ती रेडिएटरसाठी चांगली. इथे तिचं स्क्रूचं डोकं एका बाजूला जड पडतं, त्याच्याखाली रबर नीट दाबलं जात नाही, आणि मोठ्या तोंडावर ते डोकं फिरताना आजूबाजूला आपटू शकतं. रस्त्यात अडलात तर घरी पोचण्यापुरती. प्लास्टिकचा टाय त्याहून खालचा. मऊ रबराच्या लहान तोंडावर जाड टाय काही दिवस तग धरेल, मोठ्या तोंडावर नाही. तो हाताने तेवढा आवळलाच जात नाही, आणि उन्हा-तेलात ढिला होतो. तुमचा नवा बूट चकचकीत, कडक प्लास्टिकसारखा असेल तर टाय त्याला दाबूच शकत नाही, तिथे स्टीलची कानाची क्लिपच हवी. आणि बांधकामाची तार? ती घट्ट बसते, अगदी घट्ट. एका शेतकऱ्याने धसकटाने फाटलेला बूट घरीच बदलून तारेने पिळला होता. महिन्याने बूटाचं लहान तोंड सुरीने कापल्यासारखं बांगडीच्या आकाराचं सुटून शाफ्टवर फिरत होतं.

उभा चिरलेला, डिंकाने जोडायचा बूटही बाजारात मिळतो, शाफ्ट न काढता चढवायचा. ग्रीसचं बोट लागलेल्या जागी डिंक धरत नाही आणि ग्रीसचं बोट लागल्याशिवाय हे काम होत नाही. मी वापरत नाही. शंकूच्या आकाराच्या अवजारावरून ताणून जॉइंटवर चढवायचा बूट त्यापेक्षा बरा, पण शाफ्ट हबमधून काढावा लागतोच आणि शेवटी क्लिप आवळावी लागतेच.

परत जोडणं उतरवण्याच्या उलट क्रमाने. ऑइल सीलच्या ओठाला थोडं ग्रीस लावा, शाफ्ट सरळ रेषेत आत ढकला, सर्कलिप बसल्याची 'टक' हाताला जाणवली पाहिजे. खात्रीसाठी वाटीला धरून ओढा, शाफ्टला नाही. गिअर ऑइल पातळीला भरा. हे विसरणाऱ्यांचे गिअरबॉक्स मी नंतर उघडले आहेत. बॉल जॉइंटचा बोल्ट आणि चाक बसवा, गाडी खाली घ्यायच्या आधी हब नट हाताला लागेल तेवढा घट्ट करा, आणि चाक जमिनीला टेकल्यावर ब्रेक दाबून टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका मॅन्युअलमधून घ्या. 'पाइपवर उभं राहून' हा टॉर्क नव्हे. शेवटी नटाची कड खाचेत ठोका किंवा नवी कॉटर पिन टाका.

मैदानात दोन्ही बाजूंना गोल फिरून या. मग शंभरेक किलोमीटर चालवून रिमच्या आत आणि क्लिपांच्या कडांवर पांढरी चिंधी फिरवा. जोडताना बाहेर सांडलेलं ग्रीस पहिल्यांदा थोडं दिसतं, ते पुसून टाका आणि आठवड्याने परत चिंधी फिरवा. तेव्हा स्वच्छ आली पाहिजे. आणि उजव्या बाजूचा बूटही त्याच रस्त्याने, तेवढीच वर्षं धावलाय. स्टिअरिंग पूर्ण वळवून त्याच्या चुण्या मे महिन्यातच उघडून बघा. तळाशी बारीक भेगा दिसल्या तर पाऊस लागायच्या आधी त्याचंही किट आणून ठेवा, क्लिपांसकट.